बांधलेली फांदी

त्या रविवारी पाहुणे ताईला बघायला आले. त्यांच्याकडे मी काढलेला तिचा फोटो होता. त्यांनी फोटो पाहिला, ताईला पाहिलं, फोटो टेबलावर ठेवला आणि चहा न घेता ते उठले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही डोंबिवलीला, पूर्वेला, एका तीन मजली इमारतीत राहत होतो. घरात आई, ताई आणि मी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत शिकवायची. मी ठाण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच लागलो होतो.

ताईला कोड होतं. अठराव्या वर्षी डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर ते सुरू झालं, हळूहळू मनगटापर्यंत आलं आणि पंचविशीत डाव्या कानाखालून हनुवटीकडे जाणारा एक डाग उमटला. डॉक्टरांनी आईला अनेकदा समजावलं होतं की यात लागण होण्यासारखं काही नाही, दुखत नाही, खुपत नाही. आई मान हलवायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "दुखत नाही हे खरं. पण दिसतं त्याचं काय?"

उपाय म्हणून ताई रोज सकाळी डागांवर बावचीचं तेल लावून गच्चीवर उन्हात बसायची. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. जास्त बसलं की फोड यायचे. मांडीवर शाळेच्या वह्या, तपासणं चालू, आणि हात उन्हात पसरलेला. कोणत्या महिन्यात ऊन कठड्याच्या कुठल्या विटेवर किती वाजता येतं, ढग पातळ असला तर किती मिनिटं वाढवायची, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. पुढे माझ्या फोटोंमधल्या उजेडाचं लोक कौतुक करायचे. तो उजेड ओळखायला ती त्या गच्चीवर शिकली होती.

ग्रंथालयात येणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून मी जुना रशियन कॅमेरा घेतला होता. जड, काळा, शटरचा आवाज दाराची कडी घातल्यासारखा. छायाचित्रणावरची जी काही पुस्तकं कपाटात होती ती मी वाचून काढली. माणसांसमोर कॅमेरा धरायला मला संकोच वाटायचा म्हणून मी फुलांचे फोटो काढू लागलो. फूल 'आता बस' म्हणत नाही. इमारतीच्या आवारात पंपाच्या खोलीशेजारी जास्वंद होती, एकेरी, लाल. पहिले दोन रोल मी तिच्यावरच संपवले आणि त्यातले निम्मे फोटो वाया गेले. भर उन्हात लाल रंग साकळल्यासारखा येतो, पाकळ्या वेगळ्या दिसतच नाहीत. सावलीत काढावा, किंवा ऊन चढण्याच्या आत, हे मला त्या दोन रोलांनी शिकवलं.

मग वर्तकनगरच्या मावशीने ते स्थळ आणलं. माणसं चांगली, मुलगा बँकेत. पत्रिका आणि फोटो पाठवायचा होता.

"स्टुडिओत नको," आई मला म्हणाली. "तो माणूस तोंडासमोर दिवे लावतो. तू काढ."

मी काही विचारलं नाही. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, त्यांना आधी कळवलंय ना?"

"मावशी सांगेल की," आई म्हणाली. नंतर कळलं की मावशीला वाटत होतं, आई कळवेल.

फोटो मी सकाळी, आवारातच काढला. ताईने निळी साडी नेसली होती. मी तिला जास्वंदीपाशी उभं केलं, उजवा खांदा पुढे, हात मागे. तरी डाग दिसत होता. मग मी आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा आणला, जास्वंदीची एक फांदी ओढून घेतली आणि तिचं टोक खाली पंपाच्या नळाला बांधलं. फांदीवरचं एक फूल बरोबर ताईच्या जबड्यापाशी आलं.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"फोटोत पुढे काहीतरी असावं लागतं. त्याने खोली येते."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे ना? मग बांध."

आमच्या घरात एखादी गोष्ट पुस्तकात आहे म्हटलं की वाद संपायचा. ती सवय मला आणि तिला वडिलांनी लावली होती. आणि पुस्तकात ते खरंच होतं. म्हणूनच मला ते बोलताना अडखळायला झालं नाही.

फोटो अप्रतिम आला. मी कल्याणच्या स्टुडिओवाल्याकडून तो वहीएवढा मोठा करून घेतला आणि त्याने तो जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. लग्नासाठी एवढा मोठा फोटो कुणी पाठवत नाही, पोस्टकार्डाएवढा पुरतो. पण मला तो दाखवायचा होता. मी काढलेला माणसाचा तो पहिलाच चांगला फोटो होता.

त्या रविवारी ताई चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा खिडकीतलं ऊन तिच्या डाव्या बाजूवर होतं. मुलाची आई म्हणाली, "जरा इकडे बघ गं." ताईने बघितलं. त्या बाईंनी पिशवीतून फोटो काढला, हातभर लांब धरला, पुन्हा ताईकडे पाहिलं.

"फूल छान आलंय हो फोटोत," त्या म्हणाल्या.

मग मुलाच्या काकांनी विचारलं, "फोटो कुणी काढला?"

"आमच्या याने," आई म्हणाली. घाबरली तरी तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

काका माझ्याकडे वळले. "कलाकार आहात. बरोब्बर जागी फूल आणलंत."

तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या मुलाचा बरोबर आलेला हिशेब त्याने शेजाऱ्याचा बघून केलाय असं लक्षात आल्यावर ती वर्गात ज्या नजरेने बघत असेल, त्या नजरेने.

पाहुणे गेले. ट्रेमध्ये चहा तसाच होता, वर साय धरलेली. ताईने एक कप उचलला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. "साखर जास्त झालीय," ती म्हणाली आणि खाली गेली. मी गॅलरीतून पाहिलं. फोटो काढल्यापासून तो दोरा मी सोडलाच नव्हता. ती पंपाच्या नळापाशी वाकून गाठ सोडवत होती. गाठ पावसाने घट्ट झालेली, सुटायला वेळ लागला. दोरा सुटला तरी फांदी सरळ झाली नाही. ती तशीच वाकडी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी त्या फोटोची निगेटिव्ह कात्रीने बारीक कापून टाकली. मोठा फोटो टेबलावर दिसला नाही. आईने फाडला असेल असं मी धरून चाललो आणि तिला विचारलं नाही.

ताईने बावचीचं तेल बंद केलं. मावशी पुन्हा एकदा एक स्थळ घेऊन आली तेव्हा तिने दारातच सांगितलं, "मावशी, चहा घ्या, बाकी विषय नको." तिने स्वतःचा फोटो पुन्हा कुणाला काढू दिला नाही. शाळेच्या सहलीत फोटोग्राफर आला की ती मुलांना रांगेत उभं करून स्वतः त्याच्या मागे जाऊन उभी राहायची.

मला तिला सांगायचं होतं की फांदी मी डाग झाकायलाच बांधली होती. ती हे जाणत होती, मीही जाणत होतो. तरी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. त्यासाठी मला थोडीथोडकी नाही, बारा वर्षं मिळाली.

पुढच्या वर्षी भाद्रपदात, एका सुट्टीच्या सकाळी मी बॅग भरत होतो तेव्हा ताई चपला घालून दारात उभी राहिली.

"मी येते. छत्री धरीन."

काळी छत्री फुलाच्या मागे उघडून धरली की मागची गर्दी नाहीशी होते आणि फूल एकटं दिसतं. ही युक्ती मी तिला कधीतरी सांगितली होती. एकट्याला छत्री आणि कॅमेरा दोन्ही जमत नव्हतं. ती आली, आणि मला वाटलं, तिने मला माफ केलं. तेव्हा मला असंच वाटून घ्यायचं होतं.

त्यानंतर आम्ही दर सुट्टीला जायला लागलो. मानपाड्याच्या पुढे तेव्हा भाताची शेतं होती, बांधांवर कुर्डू आणि तेरडा. टिटवाळ्याच्या बाजूला कवळ्याची पिवळी फुलं, ओलसर माळावर, जमिनीपासून वीतभर उंच. मावशीकडे गेलो की वर्तकनगरच्या वसाहतींमधले गुलाब. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि तो दोन महिने पुरवायचा. त्यामुळे एकेका फुलापाशी आम्ही अर्धा-अर्धा तास बसायचो. आधी फुलाभोवती चालायचं, त्याची बाजू ठरवायची. मग गोणपाट टाकून आडवं व्हायचं, कारण वरून काढलेलं फूल हे चालता चालता दिसलेलं फूल असतं. त्याच्या उंचीला गेलं तरच ते समोर येतं. मग वारा पडायची वाट. श्वास धरून मी भिंगातून बघायचो आणि ताई वाऱ्याचा अंदाज घ्यायची. "थांब... थांब... तो लांबचा गवताचा तुरा थांबला की काढ... आता."

पुठ्ठा तिनेच आणला. फुलाच्या खालच्या बाजूला काळोख राहतो, तिथे पांढऱ्या कागदावरून ऊन परतवून टाकलं की पाकळीची शीर न् शीर दिसते. मी वहीचा कागद वापरायचो, तो वाऱ्याने फडफडायचा. एके दिवशी तिने पिशवीतून एक जाड पुठ्ठा काढला, वहीएवढा. एक बाजू पांढरी, दुसऱ्या बाजूला शाळेच्या पुस्तकांना घालतात तसा खाकी कागद खळीने चिकटवलेला.

"हे बरं सापडलं," मी म्हणालो.

"घरात होतं," ती म्हणाली.

पांढरी बाजू फुलाकडे आणि खाकी बाजू स्वतःकडे धरून ती बसायची. अंशाअंशाने पुठ्ठा फिरवायची आणि फुलाच्या आत उजेड सरकत जायचा. मला सांगावंही लागायचं नाही. काम झालं की ती पुठ्ठा पुसून पिशवीत ठेवायची. पिशवी तिची ती उचलायची.

उजेड मोजायला मी कॅमेऱ्यासमोर तळहात धरायचो. हातावर पडलेलं ऊन कॅमेऱ्यातल्या मापकाच्या आकड्यावर मोजलं की फुलाचा अंदाज येतो, पांढरी फुलं जळत नाहीत. एकदा माझे दोन्ही हात चिखलाने भरले होते. मी म्हणालो, "ताई, जरा हात धर."

तिने डावा हात धरला. मग म्हणाली, "माझ्या हातावर घेऊ नकोस बाबा. दोन-दोन आकडे येतील."

ती हसत होती. मीही हसलो असतो तर बरं झालं असतं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि हात गवताला पुसू लागलो. तिचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

मला निर्दोष फूल लागायचं. किडीने खाल्लेली पाकळी, तपकिरी कड, एखादा ठिपका दिसला की मी पुढे जायचो, किंवा देठाला हलका पीळ देऊन चांगली बाजू समोर आणायचो. ताईला ते आवडायचं नाही. एका तगरीपाशी मी असाच देठ फिरवत होतो.

"का फिरवतोस? जशी आहे तशी काढ की."

"या बाजूने डाग आहे."

बोलून गेल्यावर शब्द माझ्याच कानावर आला. ताई पुठ्ठा धरून बसली होती.

"फिरव मग," ती म्हणाली. "तुला ते छान जमतं."

तो फोटो मी काढला. चांगला आला. ठाण्यात एका वाचनालयाच्या सभागृहात आम्हा हौशी मंडळींचं छोटं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात तो लावला. बघायला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "आतून दिवा लावल्यासारखी दिसते तगर. उजेड कुठून आणलात?" मी म्हणालो, "साधा पुठ्ठा असतो." ताई दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. खाली चिठ्ठीवर फक्त माझं नाव होतं. परत येताना ती म्हणाली, "पुठ्ठ्याचं तरी नाव घालायचंस." मला ती चेष्टा वाटली. मी म्हणालो, "पुढच्या वेळी घालू."

नव्वद उजाडल्यानंतरच्या एका दसऱ्याच्या आधीची सकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका आगरी कुटुंबाचं झेंडूचं शेत होतं. आम्ही बांधावरून आत शिरलो होतो, विचारायला कुणी दिसलं नाही म्हणून. मी वाफ्यात गुडघे टेकून बसलो होतो, इतक्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"ए भाव, काय करतंस रं तिथं?"

"फुलं काढतोय," मी म्हणालो. छायाचित्रकार मंडळीत आम्ही असंच बोलायचो. आज फुलं काढली, काल पक्षी काढले.

बाई कमरेला पदर खोचून, हातात विळा घेऊन सरळ अंगावर आली. "काढतोय? कोनाला इचारून? दसऱ्याची फुला हान ती. हात लाव बरा येकाला!"

मी कॅमेरा वर धरून उभा राहिलो. ताई इतकी हसत सुटली की तिला बोलता येईना. "अहो, तो फोटो काढतोय," ती शेवटी म्हणाली. "फूल एकही तोडायचा नाही. तोडायची हिंमत नाही त्याला."

"मंग तसा सांगावा ना, फोटू काढतंय म्हून." बाईने विळा खाली केला. "मना वाटला चोरच. बामनासारखा चोर." मग तीही हसली. तिची नजर ताईच्या हातावर गेली, पुठ्ठा धरलेल्या डाव्या हातावर.

"हातावं कोड हाय का गो तुला?"

ताई म्हणाली, "हो. इथेही आहे," आणि हनुवटी वर करून दाखवलं.

"माजे सासूला व्हता. पार गल्यापरीन." बाईने गळ्यावरून हात फिरवला. "तिचे हातची माल गावदेवीला जायची. कोन कधी काय बोलला नाय." एवढं बोलून तिने विळ्याने चार झेंडू सपकन कापले आणि ताईच्या पदरात टाकले. "ने. भाव तं काय तोरत नाय म्हंतस."

परतताना रस्त्याकडेच्या वडाखाली आम्ही बसची वाट बघत बसलो. ताईच्या मांडीवर ते चार झेंडू होते.

"किती सरळ विचारलं तिने," ताई म्हणाली. "इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलंच नाही. सगळे फुलाबद्दल बोलतात."

एक ट्रक गेला, धूळ बसली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी ती फांदी कशाला बांधली होतीस रे?"

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. ना टोमणा, ना राग. दार उघडून बाजूला उभं राहावं तसं तिने विचारलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. 'तुझा डाग झाकायला' हे तीन शब्द. त्यानंतर कदाचित 'चुकलं माझं' हे आणखी दोन.

मी म्हणालो, "रचनेसाठी. पुढे काहीतरी लागतं ना फोटोत."

"हं," ताई म्हणाली. थोड्या वेळाने तिने पिशवी उचलली. "बस आली."

मी तेव्हा का खोटं बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिला दुखवायचं नव्हतं, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला माझा तो फोटो वाचवायचा होता. फांदी रचनेसाठी बांधली असेल तर तो चांगला फोटो होता. डाग झाकायला बांधली असेल तर तो वाईट माणसाने काढलेला फोटो होता. मी फोटोच्या बाजूने बोललो.

त्यानंतरही ती येत राहिली. तीन-चार वर्षं आम्ही आणखी फिरलो. काहीच बिघडलं नाही, आणि तेच मला जड वाटायचं. फक्त तिने ते पुन्हा कधी विचारलं नाही.

मग तिला कावीळ झाली. आधी साधीच वाटली, उसाचा रस, पथ्य, शाळेतून रजा. ती बळावली हे कळेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर आठव्या दिवशी ती गेली. शेवटच्या दोन दिवसांत तिला फारसं भान नव्हतं. शुद्धीत होती तोपर्यंत मी तिच्याशेजारी बसून शाळेच्या रजेचा अर्ज, डॉक्टरांच्या वेळा, दूधवाल्याचा बदललेला रतीब असल्या गोष्टी बोलत होतो.

दहाव्याला भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. सगळं घर शोधलं. वर्तकनगरची मावशी डोळे पुसत म्हणाली, "अरे, गवताचे फोटो काढलेस, किड्यांचे काढलेस, आणि बहिणीचा एक नाही?" ती वाईट हेतूने बोलली नव्हती. शेवटी शाळेच्या एका जुन्या समूहचित्रात, मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून दिसणारा तिचा चेहरा सापडला. तो स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. इतका मोठा केल्यावर चेहऱ्यात चेहरा राहत नाही, नुसते दाणे दिसतात. हार घातल्यावर कुणी जवळ जाऊन पाहिलं नाही.

आई सारखी म्हणत होती, "तो जास्वंदीचा चांगला होता. तो कुठे गेला?"

"तू फाडलास ना?" मी विचारलं.

"मी? मी का फाडीन? मला वाटलं तू."

दोन महिन्यांनी मी ताईची कापडी पिशवी उघडली. छत्री, पाण्याची बाटली, गोणपाटाची घडी, आणि पुठ्ठा. पावसाळ्यात ओल लागून खाकी कागद एका कोपऱ्याला सुटला होता. त्याखाली निळं काहीतरी दिसलं. साडीचा काठ होता.

मी तो कागद ओला करून, हळूहळू, अर्धा दिवस लावून सोडवला. खळ जुनी झाली होती, तरी जागोजागी तिने फोटोचा वरचा पापुद्रा धरून ठेवला होता. ताईचं कपाळ, डोळे, उजवा गाल नीट सुटले. जास्वंद कागदाबरोबर निघून आली. जिथे फूल होतं तिथे, कानाखालून हनुवटीपर्यंत, फोटोत आता पांढरा पुठ्ठा दिसतो.

इतकी वर्षं ती तो फोटो धरून माझ्यासमोर बसली होती. माझ्या प्रत्येक फुलातला उजेड त्याच्या पाठीवरून आला होता. तिने तो का जपला हे मला माहीत नाही. मला आठवण राहावी म्हणून, की तिला तो आवडला होता म्हणून, की नुसता जाड पुठ्ठा वाया घालवायचा नाही म्हणून. तिला चहासुद्धा वाया घालवलेला चालायचा नाही. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला द्यावं लागलं असतं.

मी पुठ्ठा आईला दाखवला. आईने तो बराच वेळ हातात धरला, पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अशीच दिसायची." त्यानंतर काही वर्षांनी आईही गेली.

झेंडूच्या त्या शेतात आता इमारती आहेत. पंपाची खोली पाडली तेव्हा जास्वंदही काढली. कॅमेऱ्याचं शटर अडकलं ते मी दुरुस्त केलं नाही. फुलांचे फोटो दोन खोक्यांत, माळ्यावर आहेत. भिंतीवर समूहचित्रातला फोटो आहे. पुठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि सुटलेला खाकी कागद त्याच्याखाली ठेवलेला आहे.